अमर्याद रजा म्हणजे नेमके किती दिवस?



इंदूरच्या एका गृहस्थांनी मला प्रश्न विचारला. त्यांची मुलगी बेंगळुरूला एका मोठ्या अमेरिकन कंपनीत आहे. ते म्हणाले, "कर्नलसाहेब, तिच्या कंपनीत रजेला मर्यादाच नाही. हवी तेवढी घ्या म्हणतात. मग गेल्या दोन वर्षांत ती मिळून अकराच दिवस घरी कशी आली? आमच्या बँकेत मोजून रजा मिळायची, पण मी तिच्या शाळेच्या प्रत्येक गॅदरिंगला हजर होतो."

वडिलांना वाटतंय की मुलगी बदलली. मुलीला वाटतंय की काम फार आहे. मला विचाराल तर गोम त्या योजनेच्या रचनेतच आहे. म्हणून आज ही अमर्याद रजा म्हणजे काय, ती आली कुठून, आणि ती ज्यांच्या वाट्याला आली आहे त्यांनी वर्षाला नेमके किती दिवस घ्यावेत, हे बघू. मी शेवटी आकडा सांगणार आहे. "ज्याची त्याची गरज" असं म्हणून सुटका करून घेणार नाही.

आधी उगम. ही कल्पना अमेरिकेतली. तिथे पगारी वार्षिक रजा द्यायलाच हवी असा केंद्रीय कायदा नाही, हे आपल्याकडच्या पुष्कळांना ठाऊक नसतं. रजा द्यायची की नाही, किती द्यायची, हे मालक ठरवतो. नेटफ्लिक्सने २००३च्या सुमारास रजेचा हिशेब ठेवणंच बंद केलं. तर्क साधा होता. माणूस रात्री किती तास काम करतो, रविवारी करतो की नाही, हे आपण मोजत नाही, मग रजेचे दिवस का मोजायचे? त्यांचे सहसंस्थापक रीड हेस्टिंग्ज यांनी पुढे पुस्तकात हा सगळा प्रयोग सांगितला आहे. त्यात एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगतात: वरच्या माणसाने स्वतः भरपूर रजा घेतली आणि ती सगळ्यांना दिसली, तरच ही पद्धत चालते. ते स्वतः वर्षाला सहा आठवडे रजा घेत असत.

बाकीच्यांनी योजना उचलली आणि ही अट मागे ठेवली. २०१४ साली रिचर्ड ब्रॅन्सन यांनी व्हर्जिनच्या मुख्य कार्यालयातल्या लोकांना ही सवलत दिली. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने अमेरिकेतल्या पगारदार कर्मचाऱ्यांसाठी रजेची मर्यादा काढली. तासावर काम करणाऱ्यांना आणि अमेरिकेबाहेरच्या लोकांना ती लागू नव्हती. आता बेंगळुरू, हैदराबाद, पुणे, गुरुग्राम इथल्या कार्यालयांतून, विशेषतः नव्या कंपन्यांतून, हा शब्द ऐकू येतो. नोकरीच्या पत्रात तो छान दिसतो.

आता दुसरी बाजू. २०१७ साली नेमली नावाच्या, मनुष्यबळ विभागांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या अमेरिकन कंपनीने आपल्याकडची आकडेवारी प्रसिद्ध केली. मोजकी रजा असणारे लोक वर्षाला सरासरी १५ दिवस घेत होते आणि अमर्याद रजा असणारे १३. फरक फार मोठा नाही, पण दिशा बघा. मर्यादा काढली आणि रजा कमी झाली. किकस्टार्टर कंपनीने २०१५ साली अमर्याद रजा बंद करून सरळ २५ दिवस ठरवून दिले, कारण लोकांना किती घेतलेली चालते हेच कळत नव्हतं.

असं का होतं? अमर्याद थाळीच्या खानावळीत बसलेला माणूस आठवा. चौथी पुरी मागण्याआधी तो शेजारच्याच्या ताटाकडे बघतो. वाढपी "घ्या हो, घ्या" म्हणत असला तरी बघतो. शेजारचा दोनवर थांबला असेल तर आपणही हात आडवा धरतो. कार्यालयात शेजारच्याचं ताट म्हणजे बाजूच्या टेबलावरचा सहकारी आणि वाढपी म्हणजे साहेब. साहेबच वर्षभर जागेवरून हलत नसेल, तर त्याने कितीही आग्रह केला तरी कोण घेणार? शिवाय मोजकी रजा ही आपली असते, ती मागताना अपराधी वाटत नाही. अमर्याद रजा दर वेळी नव्याने मागावी लागते, आणि दर वेळी "ही आत्ताच जरुरीची आहे का" हा प्रश्न माणूस स्वतःलाच विचारतो. त्याचं उत्तर बहुधा "नाही" असंच येतं. मे महिन्यात दोन आठवडे गावी जाऊन आंबे खाणं कोणत्याही दिवशी जरुरीचं नसतं.

आणखी एक बाब आहे आणि ती पैशाची आहे. कर्मचाऱ्याच्या खात्यावर साठलेली रजा हे कंपनीवरचं देणं असतं, आणि हिशेबाच्या नियमांप्रमाणे ते ताळेबंदात दाखवावं लागतं. हजार माणसांची प्रत्येकी तीस दिवसांची रजा म्हणजे तीस हजार दिवसांचा पगार. रजा अमर्याद केली की साठा संपला, साठा संपला की देणं संपलं. नोकरी सोडताना हातात यायचा तो पैसाही गेला. महिना साठ हजारांवर रजेचा पगार काढला जात असेल तर दिवसाचे दोन हजार, आणि ४५ दिवसांचे नव्वद हजार होतात. खाजगी नोकरदाराला नोकरी सोडताना किंवा निवृत्त होताना मिळणाऱ्या रजेच्या पगारावरची करमाफीची मर्यादा आपल्या सरकारने २०२३ साली तीन लाखांवरून पंचवीस लाखांवर नेली, ती मोठी सवलत आहे. पण साठाच नसेल तर सवलत कशावर घेणार? फौजेत निवृत्तीच्या वेळी ३०० दिवसांपर्यंतच्या शिल्लक रजेचा पगार मिळतो. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या कितीतरी फौजींच्या घराचा स्लॅब त्याच पैशांतून पडलेला आहे.

सगळ्या कंपन्या पैसे वाचवायलाच हे करतात असं मी म्हणत नाही. काहींचा हेतू चांगला असतो. पण हेतू चांगला असला तरी ताळेबंदातला फायदा त्यांना होतोच, आणि तुमचं नुकसान तुम्हाला होतंच.

आता फौजेचं सांगतो, कारण माझं अर्धं आयुष्य लोकांच्या रजा मंजूर करण्यात गेलं आहे. बाहेर लोकांना वाटतं की कमांडिंग ऑफिसर नकाशे बघत असतो. रजेचा तक्ता हा त्याच्या टेबलावरचा त्याहून मोठा नकाशा असतो.

फौजेत ऑफिसरला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि २० दिवस कॅज्युअल रजा असते. जवानाला ६० आणि ३०. आकडे ऐकून आयटीतल्या मुलांचे डोळे मोठे होतात. तर त्यांना सांगतो, वार्षिक रजेत मधले रविवार आणि सुट्ट्याही मोजल्या जातात, आणि आमच्याकडे शनिवार-रविवार असा प्रकार फील्डमध्ये नसतो. पण आकड्यापेक्षा पद्धत महत्त्वाची. नियमात स्पष्ट लिहिलं आहे की रजा हक्क म्हणून मागता येत नाही. तरीही वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक कंपनीत रजेचा आराखडा तयार होतो. एका वेळी किती जण बाहेर असू शकतात ते ठरतं. पोस्ट उंचावर असेल तर खिंड बर्फाने बंद होण्याआधी कोण उतरणार आणि कोण हिवाळाभर वर राहणार, हे ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच ठरवावं लागतं. कुणाच्या बहिणीचं लग्न, कुणाची जमिनीची तारीख, कुणाचं बांधकाम, कुणाची पेरणी, हे सुभेदारसाहेबांना तोंडपाठ असतं. जो रजा मागतो त्याची आम्हाला फार काळजी नसे. जो मागत नाही, त्याचं नाव सुभेदार मला वेगळं सांगायचा. घरी काही बिघडलं आहे का, कर्ज झालं आहे का, की माणूस आपल्यावाचून काम अडेल अशा समजात आहे?

माझ्याकडे एक हवालदार क्लार्क होता. अत्यंत कामसू. आठ महिने गावी गेला नव्हता, कारण "साहेब, कागद कुठे आहेत ते मलाच माहीत." त्याला हे आपल्या कामाचं प्रशस्तिपत्रक वाटायचं. मला ते युनिटमधलं भगदाड वाटलं. त्याला तीस दिवसांच्या रजेवर पाठवला आणि त्याच्या जागी एका नायकाला बसवला. पहिले चार दिवस गोंधळ झाला. आठव्या दिवसापर्यंत फायलींची यादी कागदावर उतरली होती. तो परत आला तेव्हा थोडा नाराज दिसला, पण महिन्याभरात त्याच्या लक्षात आलं की आता संध्याकाळी व्हॉलीबॉलला जाता येतं. तो नायक पुढे चांगला क्लार्क झाला, तेही त्या तीस दिवसांमुळे. कमांडिंग ऑफिसर रजेवर जातो तेव्हा त्याच्या खालचा ऑफिसर 'ऑफिशिएटिंग' म्हणून पलटण चालवतो. त्याचं खरं शिक्षण तिथेच होतं.

हे फक्त फौजी डोकं आहे असं समजू नका. रिझर्व्ह बँकेचा नियम बघा. बँकांमध्ये जे लोक संवेदनशील जागांवर काम करतात, म्हणजे ट्रेझरी वगैरे, त्यांना दर वर्षी सलग किमान १० कामाच्या दिवसांची सक्तीची रजा द्यावी लागते, आणि तीही आधी न कळवता. त्या काळात त्यांना कार्यालयाच्या यंत्रणेत शिरता येत नाही, फक्त अंतर्गत ईमेल बघता येते. २०२१ साली ही सूचना नव्याने निघाली. उद्देश असा की गैरव्यवहार असेल तर तो माणूस बाजूला असताना उघडा पडावा. पण त्यातून आपसूक हेही सिद्ध होतं की दहा दिवस कुणावाचून बँक बंद पडत नाही.

गोल्डमन सॅक्सनेही २०२२ मध्ये हेच ओळखलं. वरिष्ठांना त्यांनी अमर्याद रजा दिली, पण त्याबरोबर २०२३ पासून सगळ्यांनी वर्षाला किमान १५ दिवस घ्यायचेच आणि त्यात एक आठवडा सलग असायचा, असंही बांधून दिलं. मुंबईतल्या ड्रीम इलेव्हन कंपनीने त्याच सुमारास जाहीर केलं की वर्षातून एकदा आठवडाभर माणूस पूर्ण सुटीवर जाईल आणि त्या काळात त्याला कामासाठी गाठणाऱ्याला एक लाख रुपये दंड. मला ही दंडाची कल्पना आवडली. आमच्या काही ब्रिगेडियरांवर हा दंड लावला असता तर रेजिमेंटचा निधी भरून गेला असता!

आता कुणी म्हणेल, कर्नलसाहेब, फौजेत तर रजा रद्दही होते. होते ना. १९९९च्या उन्हाळ्यात कारगिलच्या वेळी रजेवर असलेले जवान परत बोलावले गेले. लग्नं पुढे गेली, कुणी हळदीच्या अंगाने परतले. पण एक फरक लक्षात घ्या. जवानाची रजा मोडली तरी त्याच्या नावावर दिवस शिल्लक राहत होते. रजेच्या रजिस्टरमध्ये लिहिलेलं असायचं, घेतले इतके, उरले इतके. पलटण त्याची देणेकरी होती, आणि संधी मिळताच ते देणं फेडणं हे माझं काम होतं. अमर्याद रजेत तुमची ऑक्टोबरची रजा क्लायंटमुळे रद्द झाली, तर शिल्लक काय राहतं? काहीच नाही. ती झालीच नव्हती. तुमचं कुणीच देणं लागत नाही. इंदूरच्या त्या मुलीचं नेमकं हेच झालं असणार असा माझा कयास आहे. तिला रजा कुणी नाकारली नसेल, नुसती पुढे ढकलली असेल, आणि पुढे ढकललेल्या दिवसांची नोंद कुठेच नसेल.

म्हणून कंपनीने काढून घेतलेलं रजिस्टर तुम्ही स्वतः उघडायचं. आणि रजिस्टर म्हटलं की आकडा हवा.

माझा आकडा आहे वर्षाला २५ कामाचे दिवस. आजारपणाची रजा यात धरायची नाही, सणांच्या आणि राष्ट्रीय सुट्ट्याही नाहीत, प्रसूतीची रजा तर अर्थातच नाही. ही वरची मर्यादा नव्हे, ही खालची पातळी आहे. २५च्या खाली जायचं नाही.

कुठून आला हा आकडा? आपल्या कायद्याकडे बघा. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा आहे. शनिवार, रविवार आणि सुट्ट्या वजा जाता वर्षात साधारण २५० कामाचे दिवस उरतात, म्हणजे १२ दिवस. शिवाय ८ दिवस किरकोळ रजा. झाले २०. सणांच्या ८ सुट्ट्या वेगळ्या. इतर राज्यांचे आकडे थोडे वेगळे आहेत, आणि व्यवस्थापकीय जागांवरच्या लोकांना हे कायदे बहुधा लागू होत नाहीत. पण किमान काय असतं याचा अंदाज यातून येतो. अमर्याद रजा म्हणून तुम्ही वर्षाला १४ दिवस घेत असाल, तर पुण्यातल्या एखाद्या दुकानातल्या विक्रेत्याला कायद्याने जेवढी मिळते त्याहून कमी घेताय, आणि वर मित्रांना सांगताय की आमच्याकडे अनलिमिटेड आहे. वीसवर पाच मी यासाठी धरतो की तुमचा साठा आणि त्याचे पैसे गेलेले आहेत. ते दिवस तरी हातात यायला हवेत. युरोपीय संघात किमान चार आठवडे, म्हणजे २० कामाचे दिवस, कायद्यानेच द्यावे लागतात आणि नोकरीत असताना त्याऐवजी पैसे घेता येत नाहीत. रजेवर जावंच लागतं. त्यामुळे तिथे अमर्याद हा शब्द त्या वीस दिवसांच्या वर लागू होतो. आपणही तसंच समजावं.

हे २५ कसे वापरायचे? दहा दिवस सलग. दोन आठवडे आणि त्यांच्या दोन्ही टोकांचे शनिवार-रविवार धरले की सोळा दिवस होतात. हे मोडून तोडून घेऊ नका. डच संशोधक जेसिका डी ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लांब सुटीवर गेलेल्या नोकरदारांच्या प्रकृतीच्या आणि मनःस्थितीच्या नोंदी ठेवल्या. २०१३ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात बरं वाटण्याची कमान आठव्या दिवसाच्या आसपास सर्वांत वर गेलेली दिसली. जवानांच्या बाबतीत माझाही अनुभव असाच होता. पहिले चार दिवस माणूस गावात असतो पण पहाटे उठून बूट शोधतो. त्याच अभ्यासात हेही दिसलं की कामावर परतल्यावर आठवड्याभरात तो परिणाम ओसरतो. म्हणून वर्षभराची सगळी रजा एकदम घेण्यातही शहाणपण नाही. दुसरा पाच दिवसांचा तुकडा पहिल्यापासून चार-पाच महिन्यांवर ठेवा.

उरले दहा. त्यातले पाच घरच्यांसाठी, लग्नं, मुंज, आईवडिलांची डॉक्टरची भेट, गावची जत्रा. आणि पाच कधीही लागतील म्हणून राखीव. डिसेंबरात राखीव उरले तर ते तेव्हाच घ्यायचे, पुढच्या वर्षावर टाकायचे नाहीत, कारण तुमच्या रजिस्टरला कंपनी बांधील नाही.

नवीन नोकरीत, प्रोबेशनवर असाल तर पहिल्या वर्षी पंधरा धरा. त्यापेक्षा जास्त घेतलेत तर काम समजायला वेळ कमी पडतो, आणि ते तुमच्याच हिताचं नाही. आणि वरच्या बाजूला? ३५च्या पुढे गेलात तर एकदा स्वतःच्या कामाकडे बघा. काम पुरं होत असेल, टीमवर भार येत नसेल, तर खुशाल घ्या. पण तुमचं काम शेजारचा करत असेल तर त्याच्या रजेतून तुम्ही घेताय.

जी मंडळी टीम सांभाळतात त्यांना दोन शब्द. जानेवारीत सगळ्यांना बसवा आणि आराखडा भिंतीवर लावा. पहिलं नाव स्वतःचं लिहा, तेही दहा सलग दिवसांचं, आणि त्या काळात खरोखर फोन बंद ठेवा. "लॅपटॉप बरोबर आहे, गरज पडली तर सांगा" असं म्हणून गोव्याला जाणारा साहेब आपल्या माणसांना सांगत असतो की तुमच्या रजेतही मी हेच अपेक्षितो. तिमाहीच्या शेवटी नावांची यादी बघा आणि ज्याच्यापुढे पाचपेक्षा कमी दिवस आहेत त्याला बोलवा. तो तुमचा सर्वांत उत्तम माणूस असेल तर आधी बोलवा. आणि हिशेब बंद करण्याचे दिवस किंवा मोठी डिलिव्हरी असेल तर "या दोन आठवड्यांत कुणालाही रजा नाही" हे आधी, लेखी आणि सगळ्यांना सारखं सांगा. लोकांना मर्यादेचा राग येत नाही, संदिग्धतेचा येतो.

नोकरी बदलणाऱ्यांनी मुलाखतीत विचारावं: गेल्या वर्षी या टीममध्ये लोकांनी सरासरी किती दिवस घेतले? तुम्ही स्वतः किती घेतलेत? कायद्याने मिळणाऱ्या रजेची नोंद ठेवता का, आणि नोकरी सोडताना तिचे पैसे देता का? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा चाचरला तर ते लक्षात ठेवा. हा प्रश्न पोकळ नाही. कॅलिफोर्नियात साठलेली रजा हे कायद्याने वेतनच मानलं जातं, आणि २०२० साली तिथल्या अपील न्यायालयापुढे असं प्रकरण आलं. काही व्यवस्थापकांना कंपनी सांगत होती की तुमची रजा मोजली जात नाही, पण प्रत्यक्षात त्यांना दोन ते चार आठवड्यांपलीकडे जाता येत नव्हतं, आणि धोरण कुठे लिहिलेलंही नव्हतं. न्यायालयाने म्हटलं की ही अमर्याद रजा नव्हेच. मर्यादा न सांगता लावलेली होती, तेव्हा त्यांच्या रजेचे पैसे देणं भाग आहे. सगळ्याच अमर्याद योजनांना न्यायालयाने हा नियम लावला नाही, पण धोरण लेखी हवं हे त्यातून पक्कं झालं.

आता महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांसाठी खास. आपल्यापैकी अनेकांची मोठी रजा गणपतीला किंवा दिवाळीला गावी जाण्याची असते. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, आणि कोकणातल्या गाड्या काही मिनिटांत भरतात. तेव्हा रजेची तारीख त्याच्याही आठवडाभर आधी पक्की करून घ्या. "तिकीट मिळालं तर सांगतो" असा अर्ज करू नका. साहेबाला तो सोयीचा वाटतो, कारण तिकीट न मिळण्याची शक्यताच जास्त असते.

अर्ज लेखी करा, ईमेल चालेल. त्यात तारखा, एकूण दिवस, आणि तुमच्या जागी कोण बघणार त्याचं नाव. आम्ही ज्याला हँडिंग-टेकिंग ओव्हर म्हणतो तसा एक पानाचा कागद जोडा: काय चालू आहे, कोणाला विचारायचं, काय माझ्या परतण्यापर्यंत थांबू शकतं. हा तिसरा रकाना सर्वांत लांब निघतो, करून बघा. खाली एक ओळ टाका, "या वर्षी आतापर्यंत माझी रजा इतके दिवस झाली." दर अर्जात ती ओळ असली की वर्षअखेरीला तुमचं रजिस्टर आपोआप तयार असतं, आणि ते साहेबाच्याही मेलमध्ये असतं.

रजा पुढे ढकलली गेली तर त्याच मेलवर उत्तर देऊन नवी तारीख मागा, आणि ती मिळेपर्यंत विषय बंद करू नका. महाराष्ट्राच्या कायद्यात तर अशी तरतूद आहे की पंधरा दिवस आधी मागितलेली हक्काची रजा मालकाने नाकारली, तर ४५ दिवसांवरच्या साठ्याचे पैसे मागण्याचा हक्क कामगाराला मिळतो. त्यासाठीही नाकारल्याचा कागद लागतो. तोंडी "बघू पुढच्या महिन्यात" याला कुठेच किंमत नाही, ना कायद्यात, ना घरी वाट बघणाऱ्यांच्या लेखी.